हवामान, मोटारी आणि क्रिकेट

टेडी वेदरफोर्ड हा पियानो वाजवायला उत्तम आणि शोधायला अत्यंत गैरसोयीचा माणूस आहे. जुन्या वर्तमानपत्रांत कुणाचा माग काढायचा असेल तर आधी त्याचं नाव नीट पारखून घ्यावं आणि मगच त्याच्यावर जीव लावावा, हा सल्ला मला कुणीही वेळेवर दिला नाही. चोरबाजारातून आणलेल्या एका अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर त्याचं नाव होतं. सुई टेकवली, आणि डावा हात शिस्तीत पावलं मोजत चाललाय, उजवा मात्र वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा छाटत मागून येतोय, असा पियानो ऐकू आला. तबकडी संपेपर्यंत मी कामातून गेलो होतो.

तसा हा माणूस अगदीच अनोळखी नाही. जन्म १९०३चा, अमेरिकेतला. ज्या वर्षी आपलं ताजमहाल हॉटेल उघडलं तेच साल. शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात पडद्यावर मूकपट चालत आणि खाली एर्स्किन टेटचा वाद्यवृंद वाजे. त्यात पियानोवर वेदरफोर्ड, आणि ट्रंपेट घेऊन लुई आर्मस्ट्राँग. अर्ल हाइन्सच्या बरोबरीनं तेव्हा त्याचं नाव घेतलं जाई. तिथंच राहता तर आज जॅझच्या प्रत्येक पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालं असतं. पण १९२६मध्ये जॅक कार्टर नावाच्या ड्रमरबरोबर तो बोटीत बसला आणि आशियात आला तो आलाच. शांघायमध्ये त्यानं बस्तान बसवलं. १९३४ साली अमेरिकेत फेरी मारून बक क्लेटन आणि त्याचा ताफा शांघायच्या कॅनिड्रोममध्ये आणला. कॅनिड्रोम म्हणजे कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान, आणि त्याला जोडून नाचाचं भव्य दालन. (कुत्र्यांचे निकाल वर्तमानपत्रांत नावानिशी छापून येत. वादकांनी याची कधी तक्रार केली का, हे बघायला हवं.)

तिथून हिंडत हिंडत तो मुंबईला ताजमध्ये पोचला. बँड होता ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथचा, ‘सिम्फोनियन्स’ नावाचा. १९३६मध्ये या मंडळींनी मुंबईतच मेना सिलास यांनी रचलेला ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रित केला. मुंबईच्या या जॅझयुगावर नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ याच नावाचं अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय. ते मी आमच्या मजल्यावरच्या नानांना कौतुकानं दाखवलं.

“पुस्तक आलंय ना? मग आता तुम्ही काय शोधणार?”

“तारीख.”

“कसली?”

“तो कोणत्या रात्री, कोणत्या हॉलात, कुणाबरोबर पियानोवर बसला होता, त्याची.”

नानांनी चहा संपवला. “आणि ती सापडली की?”

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

हल्ली जुनी वर्तमानपत्रं संगणकावर शब्द टाकून शोधता येतात, असं म्हणतात. यंत्र जुनी छपाई अक्षर अक्षर ओळखतं. पण त्या काळचे स्तंभ अरुंद. लांब नाव ओळीच्या शेवटी आलं की तुटायचं. वेदरफोर्डचे दोन तुकडे झाले की पहिला हवामान खात्यात जातो आणि दुसरा मोटारींच्या दुकानात. त्यामुळे १९३६च्या मुंबईत कुलाब्याला पारा कुठवर चढला, पाऊस किती इंच झाला, भरती किती वाजता आली आणि फोर्डची नवी गाडी घेणाऱ्याचं आयुष्य कसं उजळून निघालं, हे सगळं मला आता तोंडपाठ आहे. पियानोविषयी अक्षर नाही. ‘टेडी’ टाकलं तर कापसाची अस्वलं निघाली. ‘ताज’ टाकलं तर आग्र्याचा, आणि त्यापुढं उभे राहून फोटो काढून घेणारे साहेबलोक.

म्हटलं, बँडप्रमुखाच्या नावानं शोधू. तर बँडप्रमुखाचं नाव क्रिकेट!

विल्यम स्मिथ या भल्या माणसाला हे टोपणनाव कोणी दिलं कोण जाणे; पण देणाऱ्यानं १९३६ सालच्या मुंबईचा विचार केलेला नव्हता. त्या साली आपला संघ इंग्लंडला गेलेला. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी लाला अमरनाथला दौऱ्याच्या अर्ध्यावरून घरी पाठवलं, त्यावर स्तंभच्या स्तंभ. ओल्ड ट्रॅफर्डला मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा काढल्या, त्यावर आणखी स्तंभ. तो दौरा संपतोय तोवर इकडे चौरंगी सामन्यांचे वेध. आणि पुढच्या वर्षी तर चौरंगीची पंचरंगी झाली, म्हणजे आणखी एक संघ. त्यातून स्मिथ हे आडनाव म्हणजे इंग्रजांतलं पाटील.

दुपारी सौ.नं खोलीत डोकावून विचारलं, “सापडला का हो?”

“नाही. पण मर्चंटचं शतक झालं.”

“बरं झालं,” म्हणून ती गेली.

शेवटी संगणक बाजूला ठेवून एका जुन्या ग्रंथालयात मूळ अंक चाळायला गेलो. तिथल्या खिडकीमागच्या गृहस्थांच्या अनुभवाप्रमाणे जुनी वर्तमानपत्रं मागणारी माणसं तीनच प्रकारची: पीएच.डी.वाले, जमिनीच्या भांडणात जुनी जाहीर नोटीस हवी असणारे, आणि आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते याचा पुरावा धुंडाळणारे.

“तुमचं काय? कोर्टात आहे का?”

“नाही हो. पियानो आहे.”

“पियानोवरून वाद?”

मी त्यांना शिकागो, शांघाय, ताज असा सगळा प्रवास सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि अर्जावर ‘कारण’ या रकान्यात ‘इतर’ असं लिहिलं.

आता पानं. हॉटेलच्या जाहिरातींतून सगळं कळतं. जेवण किती वाजता, नाच किती वाजेपर्यंत, पोशाख कसा, टेबल आधी राखून ठेवा. बँडचं नाव असलं तर असलं. पियानोवर कोण, हे कशाला छापायचं? समाजवार्तांचं सदर उघडावं तर तिथं गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या उपस्थितीपासून कुणाच्या झग्याला कुठला रंग होता इथपर्यंत बारीक नोंद. इतके डोळे त्या दालनात होते! कान आणलेला एकही वार्ताहर नव्हता. पन्नास पावलांवर एक माणूस पियानोवर आभाळ फाडतोय आणि हा लिहितोय की फुलांची सजावट मनोहर होती.

शिवाय जाहिरात म्हणजे साक्ष नव्हे. ती फार तर वचन. बँड ‘रोज रात्री’ वाजणार म्हणून छापलंय, तेवढ्यावरून त्या रात्री वेदरफोर्ड पियानोवर होता असं म्हणायला मी तयार नाही. माणूस पायाला चाक लावलेला. १९३७मध्ये तो पॅरिसला जाऊन एकट्याच्या पियानोच्या तबकड्या भरून आला. हॉटेलवाले जुनाच ठसा आणखी आठवडाभर छापत राहिले नसतील कशावरून? म्हणून जाहिरात मिळाली की दुसऱ्या दिवशीचा अंक काढायचा, त्यात काही आलंय का बघायचं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात हटकून क्रिकेट.

मी मराठी पत्रंही सोडली नाहीत. ‘मानापमान’ लिहिणाऱ्या खाडिलकरांनी काढलेला ‘नवाकाळ’. म्हटलं, त्या घराला गाण्याचा कान असणारच. असेलही, पण अपोलो बंदरावर साहेबलोक गळ्यात गळे घालून कशावर नाचतात याची चौकशी करायची त्या काळात त्यांना गरज पडली नसावी, आणि ते रास्तच होतं. १२ डिसेंबर १९३६ला सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला तो वर्ष उलटलं तरी हलेना. म्हणजे मी पान उलटून शोधतोय शांघायहून आलेला पियानोवाला आणि दरवेळी समोर येतायत विष्णुपंत पागनीस. एकाच शहरात, ट्रॅमनं जाता येईल एवढ्या अंतरावर, एकीकडे तुकोबा वैकुंठाला निघालेले आणि दुसरीकडे क्रिकेट स्मिथ ट्रंपेट फुंकतोय. दोन्ही खेळ एकाच संध्याकाळी बघितलेला एखादा तरी मुंबईकर असणार. तो मला भेटला असता तर ही सगळी पानं उलटावी लागली नसती.

साथीदाराचं नाव न छापण्याबद्दल साहेबाला नावं ठेवायलाही आपल्याला तोंड नाही. बालगंधर्वांच्या नाटकाची जाहिरात त्यांच्या नावानं झळके. तबल्याला थिरकवाँखाँ आहेत म्हणून तिकीट काढणारे दर्दीही होते. पण ऑर्गनवर आज कोण बसलंय हे जाहिरात बघून कळेल या आशेवर कुणी राहू नये. सुरांची पेटी पायानं चालवा नाहीतर हातानं, बसणाऱ्याचं नाव छापायचं नाही यावर पूर्व आणि पश्चिम यांचं एकमत दिसतं.

मुंबईची खबर मुंबईत मिळेना तेव्हा ती शिकागोत बघायची असते, ही युक्ती मला फार उशिरा उमगली. ‘शिकागो डिफेंडर’ हे काळ्या अमेरिकनांचं साप्ताहिक १९०५ सालापासूनचं. परदेशी गेलेले वादक तिथं आपली खबरबात कळवत. कुठल्या हॉटेलात आहोत, बँडमध्ये कोण कोण आहे, इथले लोक कसे वागतात. म्हणजे ताजपासून चालत जाता येईल अशा छापखान्याला जे दिसलं नाही ते सातासमुद्रापलीकडे पोचत होतं, आणि तेही नावांसकट. फक्त ही पत्रं वाचताना मनाशी एक खूणगाठ बांधायची: प्रत्येक बँड तुफान गाजतोय, प्रत्येक मुक्काम वाढवून मागितला जातोय. परमुलखातून गावाकडे लिहिणारा माणूस आणखी काय लिहिणार?

हंगामाचंही एक गणित असतं. उन्हाळ्यात मुंबई सरकारच महाबळेश्वरला उठून जाई, पावसाळ्यात पुण्याला. सरकार गेलं की मेजवान्या गेल्या, आणि मेजवान्यांमागून बँड. नाचाचा खरा बहर थंडीत. तेव्हा जुलैचे अंक भक्तिभावानं चाळणाऱ्या माणसानं फक्त पर्जन्यमान गोळा करावं. माझ्याकडे ते भरपूर आहे.

एवढ्यात घरातलं वातावरण बदललं, त्याला कारण सी. रामचंद्र. मी सहज बोलून गेलो की या अमेरिकनांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून आपले गोव्याचे वादक तयार झाले. १९३९पासून ताजमध्ये मिकी कोरियाचा बँड आला तो १९६०पर्यंत टिकला. हॉटेलांत रात्री वाजवणारी बरीच मंडळी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायला लागली. आल्डोन्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट त्यातलाच. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१च्या ‘अलबेला’त आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजेच सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तोच वाजतोय, आणि पडद्यावर झालरीच्या बाह्या घालून दिसतोही.

“‘अलबेला’?” सौ. पोळपाट सोडून बाहेर आली. “भगवानदादांचा? मग हे आधी सांगायचं ना!”

तेव्हापासून चौकशी जातीनं होते. टेडीला घरात ‘तुमचे ते’ म्हणायचे, ते आता ‘आपले’ झाले आहेत. नानासुद्धा संध्याकाळी येऊन तबकडी लावायला सांगतात. मात्र ऐकून झाल्यावर कपिलदेवच्या १७५ धावांची गोष्ट काढतात.

युद्धाच्या काळात टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. तिथं अमेरिकन सैनिकांची झुंबड, आणि त्यांच्यासाठी दिल्लीहून निघणारं एक साप्ताहिक. माझी मदार आता त्यावर आहे. रजेवर आलेल्या शिपायाला फुलांची सजावट नको असते. कुठं, किती वाजता, कोण वाजवणार, एवढंच हवं असतं. चीन, ब्रह्मदेश आणि भारत या आघाड्यांची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन त्यांनी पत्राचं नाव ठेवलं ‘सीबीआय राउंडअप’. मी ग्रंथालयाच्या खिडकीशी जाऊन ते मागितलं.

गृहस्थांनी चष्मा काढला. “सीबीआय? आणि मला म्हणाला होतात, कोर्टात नाही म्हणून.”

ते त्यांच्याकडे नव्हतं. ‘कलकत्त्यात बघा,’ म्हणाले, आणि खरं तर युद्धकाळातली तिकडचीच स्थानिक पत्रं बघायला हवीत. घरी येऊन मी दबकत विषय काढला: एप्रिलमध्ये जाऊन यावं म्हणतो, तेव्हा गाडीला गर्दी कमी असते.

“एप्रिलात?” सौ. म्हणाली. “आपले टेडी कधी गेले?”

“२५ एप्रिल १९४५.”

“कशानं?”

“कॉलऱ्यानं.”

“कुठं?”

“कलकत्त्यात.”

“मग डिसेंबरात जा,” ती म्हणाली, “आणि पाणी घरून न्या.”