येतो की!

मराठी माणूस कुणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पाय उंबऱ्याबाहेर पडलेले असतात, पाठ घराकडे असते आणि तोंडानं मात्र येण्याची भाषा चाललेली असते. चुकून 'जातो' म्हटलं तर आतून म्हातारं माणूस ओरडतं, "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं!" म्हणजे दिवसाकाठी दोन-चार वचनं तर आपण चप्पल शोधता शोधताच देऊन बसतो.

या शब्दाचा विचार करायची वेळ माझ्यावर आमच्या सुतारानं आणली. पुढच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्ली होती. मिस्त्री आले, टेप लावला, चहा घेतला आणि उठले. "दार कधी?" मी विचारलं. "पालखीच्या आत बसलंच म्हणून समजा की, सर." मी समजलो. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी आली, आमच्या अकलूजचा मुक्काम करून पुढे गेली, दार होतं तसंच. फोन केला तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सर, पालखीच्या आत म्हणलो होतो. औंदाच्या म्हणलो होतो का?"

खरंच म्हणाले नव्हते. चूक माझी. मी सालच विचारलं नव्हतं.

आमच्याकडे 'की' या एका अक्षरावर फार लक्ष ठेवावं लागतं. नुसतं 'देतो' म्हटलं तर मिळण्याचा संभव असतो. 'देतो की' म्हटलं की आपण घरी जावं. 'बघू' म्हणजे अवघड आहे, 'बघू की' म्हणजे नाही, आणि 'बघू की, काय बी करून बघू' म्हणजे अजिबात नाही, पण चहा पिऊन जा. फोनवर 'निघालोय' म्हणजे अंघोळीला पाणी काढलंय. 'पोचलोच' म्हणजे आता निघालोय. यात कुणी कुणाला फसवत नाही. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून नकाराला होकाराचा सदरा घालून पाठवतात, एवढंच. ऐकणाऱ्यालाही सदऱ्याच्या आत कोण आहे ते ठाऊक असतं.

पैसा मध्ये आला की मात्र 'की' चालत नाही. दिवाळीच्या सुमाराला अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. सौदा ठरला की इसार दिला जातो. त्यानंतर कुणी चढा भाव घेऊन आला, तरी मालक नुसती मान हलवतो, "इसार घेतलाय." घोडं घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो, विकणारा फिरला तर त्याचं नाव बुडतं. नाव बुडालेल्या माणसाला पुढच्या बाजारात घोडं विकणं जड जातं. हेच काम दुसरीकडे सुपारी करते. सोयरीक जमली की सुपारी फुटते, लावणीच्या पार्टीला बोलावलं की सुपारी दिली जाते. दाताला दाद न देणारं एवढंसं फळच शब्दासाठी का निवडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

इसार शंभराचा नसतो, एकशेएकाचा असतो. यातल्या शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन सहीनिशी छापलेलं असतं. म्हणजे एका शब्दाला आपण दुसरा शब्द तारण ठेवतो. वरचा रुपया थेट भारत सरकारचा. त्याच्यावर असलं कुठलंच वचन नसतं. गंमत अशी, की नुसत्या शंभरावर कुणाचं समाधान होत नाही. व्यवहार पक्का होतो तो त्या काही न बोलणाऱ्या रुपयानं.

कायदाही साधारण याच वळणाचा आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा म्हणतो, मोबदला नसेल तर करार फोल. मात्र कलम २५ मध्ये काही सवलती आहेत. जवळच्या नात्यात, स्वाभाविक प्रेमापोटी दिलेलं वचन मोबदल्याशिवायही चालतं. फक्त ते लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. प्रेम खरं, पण दुय्यम निबंधकांसमोर! हे मी घरी मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी बायकोला गणपतीपुळ्याचा समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. नीरेच्या काठावर राहणाऱ्याला समुद्राचं बोलणं सोपं जातं. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, नोंद माझ्याकडं आहे. मुदत तेवढी घालायची राहिली."

घरातल्या वचनाला ऐकणारं माणूस एकच असतं आणि ते आपल्यावर बऱ्यापैकी माया करत असतं. गावाला दिलेल्या शब्दाचं तसं नाही. नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन अमुक तारखेला सुटणार, या एका वाक्यावर माणसं लागणीचा दिवस धरतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहून ठेवलंय, की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर पुढे साल १५ टक्के व्याज द्यावं. ही तरतूद आमच्या शेतकऱ्यांना पाठ असते. फक्त १४ दिवस मोजण्याची पद्धत राज्यभर सगळीकडे सारखी नाही. रेल्वे लोणंदहून फलटणपर्यंत आली. तिथून माळशिरस तालुका ओलांडून ती पंढरपूरला जाणार, हे बोलणं इंग्रजांच्या अमदानीपासून चालू आहे. गाडीची वाट बघता बघता 'निघालोय'चा अर्थ आम्हाला नीट कळला. निवडणुकीतल्या जाहीरनाम्याचा पुढे वचननामा झाला, मग संकल्पपत्र झालं, अलीकडे गॅरंटी झाली. पोराचं नाव बदलून अभ्यास सुधारला असता तर आम्हा मास्तरांना कामच उरलं नसतं.

याच्या उलट ऊसतोडीच्या टोळीचं बघा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगाम सुरू झाला की कोयता घेऊन फडात हजर व्हायचं. पोरगी आजारी असो की म्हातारी अंथरुणाला खिळलेली असो, उचल घेतलीय ना? मग यायचंच. शब्द मोडायलाही ऐपत लागते, आणि ती त्यांच्याकडे नसते. मोठ्यांनी शब्द मोडला की त्याला अडचण म्हणतात, लहानानं मोडला की लबाडी.

असं सगळं मनात आलं की मी आषाढाकडे बघतो. देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते, सराटीला नीरेत पादुकांचं स्नान होतं आणि नदी ओलांडली की आमचा जिल्हा. अकलूजला सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. पाठीवर कुणी बसलेलं नाही असा घोडा धावतो आणि माणसं त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतात. दुसऱ्या दिवशी माळीनगरचं उभं रिंगण. आईच्या वेळेपासून एका दिंडीतले पंधरा-वीस जण मुक्कामाला आमच्याकडे उतरतात. पिठलं-भाकरी खाऊन ओसरीवर, अंगणात जागा मिळेल तिथं आडवे होतात. पहाटे निघताना वीणेकरी आबा आईला म्हणायचे, "येतो, माउली." ना पत्ता, ना पावती, ना इसार. आईनं कधी "कधी?" असं विचारलं नाही.

२०२० मध्ये पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच. रिंगणाच्या मैदानावर आषाढात नुसतं गवत वाढलं. २०२२ ला पालखी पुन्हा चालत आली. संध्याकाळी दारात दिंडी उभी राहिली. पुढे आबा नव्हते, विशीतला एक पोरगा होता. वीणा त्याच्या खांद्याला जरा मोठीच होत होती. म्हणाला, "आबा गेले मागल्या साली. जाताना म्हणाले, अकलूजला येतो म्हणून सांगून आलोय, तेवढं जाऊन ये."

आई तोवर राहिली नव्हती. मी आत जाऊन पीठ काढलं.

वाळवी लागली ती त्यानंतर, आणि मिस्त्रींचं ते दार अजून बसलेलं नाही. पालखी यायला तीन आठवडे उरलेत. काल बाजारात भेटले, तेव्हा मी साल घालून तारीख विचारली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "येतो, सर."

'की' म्हणाले नाहीत.