मेटल डिटेक्टरच्या चौकटीस पत्र

रा. रा. चौकटसाहेब,
मुक्काम : आमचं लोकल स्टेशन, पूर्वेच्या जिन्यापाशी

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आज सकाळी आपल्यातून गेलो तेव्हा आपण ओरडला नाहीत. काळजी वाटली. थांबून पाहिलं तर आपला प्लग काढून कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. "काका, पुढे सरका!" म्हणून मागून धक्का आला, तेव्हा निघालो.

एरवी आपण समदर्शी. स्टीलचा डबा, छत्री, किल्ल्या, पट्ट्याचं बकल, सगळ्यांवर सारखेच ओरडता. म्हणूनच शेजारच्या खुर्चीवरचे जवान मान वर करत नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? प्रत्येक डबा उघडायचा तर ८:५२ची लोकल दुपारच्या जेवणाला सुटेल. ज्याला फारच घाई असते, तो आपल्या बगलेतल्या दोन हातांच्या फटीतून निसटतो.

आपण का आलात, हे विसरलेलो नाही. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले, फर्स्ट क्लासच्या डब्यांत. २६ नोव्हेंबर २००८ला सीएसटीत गोळीबार झाला. त्या रात्री विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या केबिनमधून माइकवर लोकांना बाहेर पडायची वाट सांगत राहिले. काचेतून दिसत होतं, ते पाहून माणूस बोलत होता. कितीतरी जण त्यामुळे वाचले.

असो. आपलं खानदान मात्र छान विस्तारलं. मॉलच्या दारात पिशवीत खुपसली जाणारी काठी, गाडीखाली सरकणारा आरसा, आणि सगळ्यांत धाकटं भावंड म्हणजे आमच्या सोसायटीच्या फाटकावरचं रजिस्टर. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात, दिव्याहून. जाताना रोज फाटकावर पिशवी उघडून दाखवतात. आत असतात उरलेल्या दोन पोळ्या, कोथिंबिरीची जुडी. माझी पिशवी बारा वर्षांत कुणी उघडलेली नाही. मावशींनी एकदा वॉचमनला विचारलंही. तो म्हणाला, "ते मेंबर आहेत."

तरी विनंती, आपला प्लग लावून घ्यावा. आपल्या ओरडण्याची सवय झालीय. ते नसलं की गाडी चुकल्यासारखं वाटतं.

आपला नम्र,
एक सेकंड क्लास पासधारक

ता. क. : काल मावशींच्या पिशवीत अडकित्ता होता. त्या येताना आपण जोरात ओरडलात, कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी फाटकावर मात्र तो हातात धरून दहा मिनिटं विचारत होते, "कुठल्या फ्लॅटमधला?"