पेनड्राइव्हकाका

इंदिरानगरात कोणाचा संगणक अपग्रेड होता होता आडवा झाला, की पहिला फोन दुकानाला जात नाही, पेनड्राइव्हकाकांना जातो. सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्स करता करता निवृत्त झालेला हा गृहस्थ. यंत्र बंद पडल्याचं कानावर आलं की यांचा चेहरा खुलतो. काकू "कुठे निघालात?" असं विचारतच नाहीत, "आज कोणाचा?" एवढंच विचारतात.

खांद्याला हळदीकुंकवात मिळालेली कापडी पिशवी. तीत पेनड्राइव्ह. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि बॉलपेनने लिहिलेलं नाव: 'दहा', 'अकरा', 'उबुंटू – डेटा काढणे', आणि एकावर नुसतंच 'हात लावू नये'. त्यात काय आहे हे विचारायची छाती अजून कोणाची झालेली नाही.

दारातच पहिला प्रश्न येतो, "मधेच बंद कोणी केला?" याचं खरं उत्तर त्यांना आजवर कोणी दिलेलं नाही. लाइट गेली, नातवाचा पाय लागला, आपोआप झाला. काका मान डोलावतात. मग इन्व्हर्टर कुठे आहे ते बघतात, बॅटरीतलं पाणी बघतात, आणि संगणकाची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर नसून मिक्सरच्या बोर्डात आहे हे सगळ्या घरादारासमोर जाहीर करतात. हा भाग त्यांनी गाळला तरी चालेल, पण ते गाळत नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि काकांची सुगी सुरू झाली. जो तो अकराच्या मागे. आमच्या इमारतीतले एक करसल्लागार तर जीएसटीचं ३बी भरायच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे १९ तारखेला, अपग्रेड लावून बसले. टक्क्यांचा आकडा हलेना, म्हणून साहेबांनी लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. मग निळा पडदा.

काकांनी आधी कान लावून पंख्याचा आवाज ऐकला, कडेचा बारीक दिवा लुकलुकतोय का पाहिलं. "हा लुकलुकत असेल तोवर आकडा हलो न हलो, हात लावायचा नाही. आता विझलाय." करसल्लागार म्हणाले, "काका, फॉरमॅट मारा, पण उद्याचं रिटर्न..." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा सांगायला आत गेले.

काकांचा नियम एकच: आधी डेटा, मग विंडोज. उबुंटूची पेनड्राइव्ह लावली. ती हार्ड डिस्कवर काही न बसवता नुसती चालते आणि फाइली बाहेर काढू देते. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप निघालं. किल्ली ४८ आकड्यांची, आणि ती लॅपटॉप ज्याने चालू करून दिला त्या भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. भाचा पुण्यात, मित्राच्या हळदीत. डीजेच्या दणक्यात तो एकेक आकडा ओरडत होता, करसल्लागार कागदावर घेत होते, काका टाइप करत होते. तीनदा चुकलं. तिन्ही वेळा काकांनी दोष डीजेला दिला.

टॅलीचा डेटा बाहेर आला, दुसऱ्या ड्राइव्हवर गेला, उघडून पाहिला गेला. मग काकांनी स्टार्टअप रिपेअर लावलं आणि खुर्ची मागे सरकवली. लॅपटॉप स्वतःच मागे फिरला, केलेले बदल उलटवत उलटवत जुन्या दहावर येऊन थांबला. रिटर्न दुसऱ्या दिवशी दहावरच भरलं. अकरा नंतर चढलं, आणि काकांच्या देखत.

पैसे ते घेत नाहीत. बिनसाखरेचा चहा घेतात आणि आठवडाभर तुमची गोष्ट कट्ट्यावर सांगतात, नावानिशी. माझ्या मते दुकानदाराचं बिल यापेक्षा स्वस्त पडेल. पण दुकानदार आधी डेटा काढेलच याची खात्री कोण देणार? तेव्हा बोलवायचं तर काकांनाच बोलवा. फक्त ते ४८ आकडे आजच वहीत उतरवून ठेवा, आणि बटण कोणी दाबलं ते दारातच खरं सांगून टाका.