विवाहतिथी : व्याख्या, गणित आणि सुरतेतील वापर

विवाहतिथी म्हणजे गुरू, शुक्र, शेठ, हॉलवाला आणि रेल्वे यांनी आळीपाळीने नकार दिल्यावर उरलेला दिवस. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांत सुपारी फुटली की तिचा शोध सुरू होतो. जो दिवस हाती लागतो तो मुळातच फार शुभ होता, असे नंतर ठरते.

पहिली पायरी पंचांगाची. आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात. मधल्या चातुर्मासात लग्ने थांबतात. उरलेल्या आठ महिन्यांतून गुरू-शुक्रांचे अस्त वजा होतात. 2024 साली मे-जूनमध्ये हे दोघेही मावळले, म्हणजे शाळांबरोबर तेही सुट्टीवर गेले. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिकमासाचीही नजर सुट्टीवरच असते: 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. शास्त्र मात्र निर्दय नाही. मुख्य काळ अडला तर गौण काळ, तोही अडला तर आपत्काल आणि अगदीच खोळंबा झाला तर काढीव मुहूर्त. तो कशातून काढतात, हे यजमानाने विचारायचे नसते.

दुसरी पायरी शेजाऱ्यांची. मराठी आणि गुजराती महिने अमान्त, नावेही तीच. नवे वर्ष तेवढे एकाचे चैत्रात, दुसऱ्याचे कार्तिकात. त्यामुळे तुळशीचे लग्न लागले की दोन्ही समाज एकाच हॉलच्या दारात उभे राहतात. हा तिढा सूर्य सोडवतो. तो धनु राशीत शिरला की, म्हणजे 16 डिसेंबरच्या सुमारापासून संक्रांतीपर्यंत, गुजराती घरांत कमूरतां (लग्नाला वर्ज्य दिवस) पाळली जातात. मराठी पंचांगांत डिसेंबरअखेरही मुहूर्त सापडतात. परिणामी एकच तारीख गुजराती कतारगामला अशुभ आणि लिंबायतला शुभ असते. हॉलवाला दोन्ही शास्त्रे मानतो. डिपॉझिट मात्र कुठल्याही तिथीला घेतो.

तिसरी पायरी सुट्टीची, आणि खरे ग्रहमान इथेच आहे. देशभरच्या लग्नांत नेसल्या जाणाऱ्या कितीतरी साड्यांचे कापड सुरतेच्या मागांवर निघते. मागांची खाती बंद पडतात दिवाळीला आणि दिवाळी येते चातुर्मासात. लाभपाचमेला बाजार उघडतो. देव उठतात त्यानंतर सहा दिवसांनी. खानदेशी कारीगर मोकळा असतो तेव्हा देव झोपलेले, देव जागे होतात तेव्हा कारीगर मागावर. दुसऱ्यांच्या वरमाईचे पातळ विणताना स्वतःच्या हळदीला रजा कशी मागावी, याचा उतारा कोणत्याही पंचांगात नाही. तो फोनवर केला जातो: ‘शेठ, गावाला आजी सिरियस आहे.’ ही आजी पुढे वरातीत नाचते.

चौथी पायरी प्रवासाची. वऱ्हाड निघते सुरत-भुसावळ मार्गाने. वाटेत नवापूर स्थानक लागते. ते अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात आहे, म्हणजे वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्यात सामोपचार शक्य असल्याचा हा एकमेव शासकीय पुरावा. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. त्यामुळे अलीकडे पत्रिका जुळते, पण तिकीट वेटिंगवर राहते.

तारीख ठरल्यावर मिनिटे ठरतात. सुरत खानदेशातल्या जळगावच्या बरीच पश्चिमेला असल्याने रेखांशाच्या हिशेबाने दोन्हीकडच्या सूर्यात साधारण अकरा मिनिटांचा फरक पडतो. लग्न 12 वाजून 37 मिनिटांनी म्हणजे कोणत्या गावच्या सूर्याने, यावर बैठकीत अर्धा तास जातो. प्रत्यक्षात अक्षता पडतात त्या नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवात पोचल्यावर. डीजे कोणत्याच रेखांशाला बांधलेला नसतो.

राहता राहिला कायदा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण होते. ते पाऊल कोणत्या नक्षत्रावर पडले, याची चौकशी कायदा करत नाही. वराला 21 आणि वधूला 18 वर्षे पूर्ण आहेत ना, एवढ्यासाठी तो दोघांची जन्मतारीख तेवढी पाहतो. तिच्यात गौण काळ नाही, आपत्काल नाही, आणि ती काढीवही चालत नाही.