कुलूपबंद घरांना पाणी कुणाचं?

गोव्यातला वाद कशावरूनही सुरू होवो, तासाभरात तो दिल्लीकरांवर येऊन थांबतो. गाडीची नंबरप्लेट, हॉर्न, बोलण्यातला तोरा, किनाऱ्यावरच्या फुटक्या बाटल्या. राग खरा आहे आणि त्याला कारणंही आहेत. पण हा राग चालू असताना बाजूला जे घडतंय ते जास्त गंभीर आहे. गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या गावांत घरं वाढताहेत आणि घरात राहणारी माणसं कमी होताहेत.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती, आणि राज्यातल्या दर पाच घरांमागे किमान एक रिकामं सापडलं होतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आसगाव, शिवोली, मयडे, हळदोणे इथं व्हिलांचं पीक आलं ते बहुतेक २०११ नंतरचं, म्हणजे आज काय परिस्थिती असेल याचा अंदाज बांधावा.

रिकामी होती ती सगळीच सुट्टीची घरं नव्हती. त्यांतली कितीतरी जुनी, गोवेकरांचीच. इथं पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा टिकली, त्यामुळे आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी. न्याय्य कायदा आहे, मला तो मनापासून आवडतो. पण तीन पिढ्या उलटल्या की एका घराला वीस-पंचवीस वारस होतात. कुणी मडगावला, कुणी मुंबईला, कुणी टोरांटोला. कौलं बदलायचा खर्च कुणी करायचा यावर एकमत होत नाही, एका पावसात वासा मोडतो, पुढच्या पावसात भिंत खचते. मग एक दिवस सगळ्यांच्या सह्या गोळा करून आणण्याची हमी देणारा दलाल येतो. त्या वारसांना मी दोष देणार नाही. हिश्शाला आलेले पैसे पोराच्या शिक्षणाला लागणार असतात.

पोरंही निघालेलीच आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. ब्रेक्झिटआधी त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडला गेले, स्विंडनसारख्या शहरात गोदामांमध्ये आणि कारखान्यांत राबले. गुरुग्रामचा माणूस मोकळ्या हवेसाठी आसगावला येतो, आसगावचा मुलगा पगारासाठी स्विंडनला गेला. जाण्यायेण्याचा हक्क दोघांनाही आहे. फरक एवढाच की पहिल्याला आल्याआल्या घर मिळतं, आणि दुसऱ्याला परत यायचं ठरवलं तर स्वतःच्या गावात भाड्याची खोलीही परवडत नाही. रात्रीच्या दराने पर्यटकाला देता येणारी खोली घरमालक महिन्याच्या भाड्याने शाळेच्या शिक्षिकेला का देईल?

साठ-सत्तरच्या दशकांत हणजुण्याला हिप्पी आले तेव्हा ते गावकऱ्यांच्याच घरात खोली घेऊन राहत. त्या वस्तीने गावाला त्रास दिला, अमली पदार्थही आणले. पण भाडं घरमालकिणीच्या हातात पडायचं आणि त्यातून घराची कौलं बदलली जायची. आजच्या व्हिलाचा नफा गावाबाहेरच्या बिल्डरकडे जातो. गावाकडे उरते ती माळ्याची आणि रखवालदाराची नोकरी, आणि तीही बहुधा दुसऱ्या राज्यातून आलेल्या, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला मिळते. ‘बाहेरचे’ म्हणून शिव्या खाताना या मजुराचा नंबर मात्र पहिला लागतो. ते मला अजिबात मान्य नाही.

आता जमिनीकडे येऊ. गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांनी गोवा बचाव अभियानातून रस्त्यावर उतरून हाणून पाडला, २००७ साली. राज्याचा एकच आराखडा होता, तो सगळ्यांना दिसला, म्हणून लढता आलं. त्यानंतर सरकारने वाटच बदलली. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. आराखड्यातली चूक सुधारण्याच्या नावाखाली एकेक सर्व्हे नंबर शेतीतून वस्तीत. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. पण तोवर २०२४ चं ३९-अ कलम हजर होतं, आणि त्यातही जमिनीचा विभाग तुकड्यातुकड्याने बदलता येतो. संपूर्ण आराखड्याविरुद्ध आंदोलन उभं राहतं. रोज निघणाऱ्या नव्या सर्व्हे नंबरावर कुणी किती वेळा हरकत नोंदवायची?

आणि शेत विकलं जातं तेव्हा ते एकट्याचं नसतं, हे मुंबई-पुण्याच्या खरेदीदाराला कुणी सांगत नाही. गोव्यातलं खाजन, म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, खाडीच्या पातळीवर असतं. मातीचा बांध आणि मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी फळ्यांची दारं, यांच्या जोरावर तिथं भात पिकतं. तो बांध सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून राखायचा. चार खाचरं पडीक राहिली, दोघांनी भराव टाकला, की बांधाकडे बघायला माणूस उरत नाही. एकदा बांध फुटला की खारं पाणी विकणाऱ्याच्या आणि न विकणाऱ्याच्या शेतात सारखंच शिरतं, शेजारच्या विहिरी बिघडतात. डोंगर कापला तर पायथ्याच्या झरीचंही असंच होतं.

पाण्याचा हिशेब सिंधुदुर्गापर्यंत पोचतो. बार्देशाला नळाचं पाणी देणाऱ्या अस्नोड्याच्या प्रकल्पाला तिळारीच्या कालव्याचा आधार आहे. तिळारी धरण दोडामार्ग तालुक्यात. त्याच्यासाठी तिथली गावं बुडाली, माणसं उठली. कालवा फुटला की बार्देशातल्या बायका टँकरची वाट बघतात. वर्षातून पंधरा दिवस वापरल्या जाणाऱ्या पोहण्याच्या तलावात ते पाणी भरलेलं असावं, याचं समर्थन कुठल्याही पर्यटन धोरणाने मला करून दाखवावं.

उपाय नाही असं नाही. स्वित्झर्लंडने २०१२ साली सार्वमत घेऊन ठरवलं की कुठल्याही गावातल्या एकूण घरांपैकी वीस टक्क्यांहून जास्त घरं दुय्यम निवासाची असता कामा नयेत. वेल्समधल्या स्थानिक परिषदांना एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरावर नेहमीच्या करावर तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. दोन्हीकडे मालक कुठल्या प्रांतातला, कुठली भाषा बोलतो, हे कुणी विचारत नाही. घरात माणूस राहतो की नाही, एवढंच पाहतात. आपल्याकडे हीच कसोटी हवी. आसगावात बाराही महिने राहणारा, ग्रामसभेला येऊन डोंगरकापणीविरुद्ध अर्जावर सही करणारा पंजाबी कुटुंबप्रमुख त्या गावचाच. फ्लॅट घेऊन कुलूप लावणारा पणजीचा भाटकार, म्हणजे जमीनदार, मात्र नाही.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तो सिंधुदुर्गाच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्यामागोमाग जमिनींचं गिऱ्हाईक बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ल्यापर्यंत पोचलं आहे. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, पण बिनशेती करून घेतली की ती अट संपते. म्हणून सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींनी गोव्यासारखी वीस वर्षं थांबू नये. घरात माणूस राहतो का, हे शोधायला सर्वेक्षणाचं टेंडरही काढावं लागणार नाही. वीज कंपनीकडे प्रत्येक मीटरचे महिन्याचे युनिट नोंदलेले असतात. येत्या ग्रामसभेत ठराव करून आपल्या गावातल्या जवळजवळ शून्य वापराच्या मीटरांची नुसती संख्या मागवा, नावं नकोत. ती संख्या पंचायतीच्या फलकावर लावा, आणि पुढच्या बिनशेती प्रस्तावावर हरकत घेताना तीच जोडा.