पोकळ आणि भरीव

पेणच्या काकी तुम्हाला भेटल्या नसतील, पण तो नमुना तुमच्या आळीत नक्की आहे. मूल अंगणात खेळतंय तोवर ठीक. एकदा का या बाईंनी त्याच्या काखेत हात घातले की संपलं. दोनदा वर, दोनदा खाली, आणि आईबापांसमोर निकाल : "वजन हाय. पण पोकळ हाय."

काकींची उमेदीची वर्षं गणपतीच्या कारखान्यात गेली. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे अशी गावंच्या गावं मूर्तींवर जगतात. शाडूची मूर्ती भरीव. लहान दिसली तरी उचलताना कंबर धरते. प्लास्टरची पोकळ, दिसायला दांडगी, हाताला हलकी. हे शास्त्र काकींनी जसंच्या तसं लेकरांना लावलं. त्याला अपील नाही.

दिवा-रोहा गाडीत तर त्यांना रानच मोकळं. माहेर रोह्याला, त्यामुळे फेऱ्या सतत. कासूला चढलेलं मूल नागोठणं यायच्या आत काकींच्या हातात पोचलेलं असतं. एकदा एका गृहस्थांचं बाळ होतं, डब्याच्या दुधाच्या जाहिरातीतून थेट उतरल्यासारखं. सुदृढ बालक स्पर्धेत नंबर आल्याचं वडिलांनी कुणी न विचारता सांगितलं. काकींनी बाळ उचललं, झुलवलं, परत दिलं. "पोकळ." बक्षिसाचं काय करायचं, हे त्या बापाला रोह्यापर्यंत कळलं नसावं.

आता घरचं प्रकरण. काकींचा नातू तीन वर्षांचा, वजन सोळा किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या तक्त्याप्रमाणे या वयाच्या मुलाचं मधलं वजन १४.३ किलो. म्हणजे नातू व्यवस्थित पुढे आहे. पण काकींच्या लेखी तो खंगत चाललाय. "काय खात नाय हो हा!" हे वाक्य मी ऐकतो तेव्हा त्याच्या हातात सहसा काहीतरी असतंच. सकाळी चहात अर्धा पुडा बिस्किटं, दहाला दुकानातलं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, मग तळलेला पापड, कारण पेणमध्ये राहून पापड नाही म्हणजे काय! बाराला मऊ भाताचा घास समोर आला की पोरगं ओठ मिटून घेतं. यात आश्चर्य ते कसलं? पण काकी वाटी घेऊन तुळशीभोवती त्याच्यामागे प्रदक्षिणा घालतात. अंडं रोज एक, त्याचं. "पोकळ हाय ना तो, भरायला नको?"

अंगणवाडीतला मापाचा दिवस हा त्यांचा खास शत्रू. सेविका काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचून वहीत उतरवते. नातवाचा आकडा आला की काकींना नेमकी खोकल्याची उबळ येते, चांगली लांबलचक, म्हणजे शेजारणीला ऐकू जाऊ नये. घरी गेल्यावर मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट लागलीच समजायची. आला तरी लागलेली होतीच, पण उतरली.

याच घरात दोन वर्षांची एक नात आहे. ती काट्यावर बसते तेव्हा काकींना खोकला येत नाही.

तिचं वजन आठ किलो आठशे. या वयाच्या मुलीचं मधलं वजन साडेअकरा. नऊच्या खाली पिवळा पट्टा सुरू होतो. सेविकेनं कार्ड पुढे केलं, पट्टा बोटानं दाखवला. काकींनी नातीला उचललं, एकदाच झुलवलं. "भरीव हाय. पोरीची जात काटक." नातीच्या आईनं मान डोलावली, बापानं पुस्ती जोडली, "आमच्याकडे सगळी अशीच, अंगकाठीच बारीक." झालं. अंड्याच्या बशीला चिकटलेलं पिवळं भाताला पुसून नातीला मिळतं, आणि ती ते आवडीनं खाते. आवडीनं खाते म्हणून तिच्या खाण्याची काळजी कुणालाच नाही.

यांना दिसत नाही, असं म्हणणंही खरं नाही. गोम वेगळीच आहे. पोट भरलं नाही की मूल उंचीनंही खुरटतं. दोन वर्षांची पोर दीड वर्षाची वाटते, आणि दीड वर्षाची म्हणून पाहिलं तर चांगली बाळसेदार दिसते. शेजारची पोरंही तेवढीच. मग तुलना करायची कुणाशी? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. शंभरात छत्तीस म्हणजे प्रत्येक ओटीवर एखादं. अंगणवाडीची योजना १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हापासून काटा खरं बोलतोय, आणि ओटीवरून त्याला उत्तर मिळतंय, अंगकाठीच बारीक.

काकींवर मी कायमची फुलीच मारणार होतो. पण मे महिन्यात त्याच गाडीत वीटभट्टीवरून घरी परतणारं एक कातकरी कुटुंब होतं. भांडी, गोधडी, कोंबडी आणि मांडीवर लहानगा. काकींचे हात सवयीनं गेले. उचललं, आणि झुलवलंच नाही. दंडाला अंगठा नि बोट लावून पाहिलं. अंगणवाडीतली पट्टी हेच मोजते. दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत म्हणजे लाल. पट्टी काकींकडे नव्हती, पण मूर्तींचे हात जन्मभर जोडलेल्या बाईला दंड केवढा असतो ते कळतं.

"मापाला कवा नेला व्हता?"

"भट्टीवर व्हतो. आमच्यात अशीच ऱ्हातात पोरं, बाय."

"अशीच म्हंजे? अशीच म्हंजे कशी गो?" अख्खा डबा वळून पाहू लागला. काकींनी पिशवी उपसली. नातवासाठी घेतलेली उकडलेली अंडी, केळी, सगळं त्या बाईच्या पदरात. अंडं कुस्करून भरवायचं कसं, वाडीवर पोचल्याबरोबर अंगणवाडीत नाव घालायचं कसं, याचं प्रवचन रोहा येईस्तोवर चाललं. त्या बाई बिचाऱ्या मान हलवत राहिल्या. मागल्या बाकावर काकींची सून नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ती सासूकडे नुसती बघत होती. काही बोलली नाही. बहुधा बोलायची गरजच पडली नसावी, कारण रोह्याला उतरताना काकींनी नातीला सुनेकडून घेतलं आणि जिना संपेपर्यंत कडेवरून उतरवलं नाही.

पुढच्या मापाच्या दिवशी नातीचं कार्ड काकी स्वतः घेऊन आल्या. आकडा ऐकून सेविकेशी भांडल्या, काटा बदला म्हणाल्या, मग पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. हल्ली नातीला रोज एक अंडं मिळतं, अख्खं.

नातवाला दोन. तो पोकळ आहे ना.