याले कोणी सांगून कायले नाही ऱ्हायलं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भंडारा जिल्ह्याला कसलीच घाई नसते. पुंजणे चुरून झालेले असतात, धान गोण्यांत शिरून तुमसरच्या बाजाराची किंवा खरेदी केंद्राच्या रांगेची वाट धरतं, आणि ऊन जुन्या पाहुण्यासारखं ओसरीत येऊन बसतं. त्याला ऊठ म्हणायचा कोणाला धीर होत नाही. नेमक्या याच दिवसांत पुण्याच्या बालेवाडीत टेनिस होऊ लागलं. वीसेक वर्षं चेन्नईत नांदलेली एटीपीची स्पर्धा २०१८ साली महाराष्ट्रात आली आणि तिचं नाव ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ झालं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यात आम्हीही आलोच. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर थांबून पुण्याकडे जाते; पण टेनिस बघायला म्हणून कोणी तीत चढल्याचं ऐकिवात नाही. आम्ही ते टीव्हीवर, शेंगा फोडत, जरा परकेपणाने पाहिलं.

५ जानेवारी २०१९ चा पुरुष एकेरीचा अंतिम सामना मात्र परकेपणा विसरायला लावणारा होता. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, उंची सहा फूट आठ इंच. दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, सहा फूट अकरा इंच, आणि पुढच्याच महिन्यात चाळिशी पुरी करणारा. मधलं जाळं मध्यभागी जेमतेम तीन फुटांचं. या दोघांच्या मध्ये ते संकोचल्यासारखं उभं होतं. हे सर्व्हिस करत तेव्हा चेंडू माडीवरून टाकलेल्या चिठ्ठीसारखा खाली यायचा आणि समोरच्याने ती वाचायच्या आत निघूनही जायचा. अख्ख्या सामन्यात कोणी कोणाची सर्व्हिस मोडू शकलं नाही. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले: ७-६, ६-७, ७-६. दोन सभ्य माणसं ‘तुम्ही आधी’, ‘छे छे, तुम्ही आधी’ करत दारातच अडीच तासांहून जास्त उभी राहिली आणि शेवटी अँडरसन आत गेला, एवढंच काय ते घडलं.

शेजारच्या काकांना मात्र खेळापेक्षा वेगळीच गोष्ट खुपत होती. दुसरा सेट अँडरसनच्या हातून जाऊ लागला तसे ते अस्वस्थ झाले. “काय जी, याले कोणी सांगून कायले नाही ऱ्हायलं?” मी म्हणालो, “काका, नियमच आहे. मॅच चालू असताना प्रशिक्षकाने काही सांगायचं नाही.” काकांनी शेंग अर्धी फोडून तशीच हातात धरली. एवढा मोठा माणूस, घरापासून इतक्या दूर, एकटा, आणि त्याला कोणी काही सांगायचं नाही! त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते क्रीडारसिकाचं नव्हतं, पोरगं वसतिगृहात सोडून येणाऱ्या बापाचं होतं.

काकांचं दुःख समजून घ्यायचं तर आमचा मुलूख समजून घ्यायला हवा. इथे सल्ल्यावाचून माणूस विहीर खणत नाही, सोयरीक करत नाही, कॅरमची राणीसुद्धा घेत नाही. राणी घेणारा एक असतो आणि ती कोणत्या कोनाने घ्यावी हे सांगणारे सहा. शंकरपटात, म्हणजे आमच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की छकड्यावरच्या धुरकऱ्याला दोन्ही कडांची माणसं ओरडून दिशा देतात. त्याला एक अक्षर ऐकू येत नाही, हा भाग वेगळा. रात्री त्याच गावात झाडीपट्टीचं नाटक असतं. तिथे तर सल्ल्याला मानाची जागा आहे: रंगमंचाच्या पुढ्यात प्रॉम्प्टर बसतो आणि नटाच्या आधी वाक्य बोलून टाकतो. पुढचा प्रेक्षक तेच वाक्य दोनदा ऐकतो आणि दोन्ही वेळा रडतो. जगात प्रत्येकाच्या पायाशी असा एकजण पुस्तक उघडून बसलेला असावा, असं मला ती नाटकं बघताना अनेकदा वाटलं आहे.

त्यातून २०१९ चा तो काळ वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पट बंद पडलेले. अख्ख्या जिल्ह्यात सल्ला साठून राहिला होता आणि घ्यायला कोणी नव्हतं. काका तो अँडरसनला द्यायला तयार होते. पण अँडरसनला अशा एकटेपणाची सवय होती. आदल्या वर्षीच्या विम्बल्डनला उपांत्य फेरीत जॉन इस्नरशी तो सहा तास छत्तीस मिनिटं खेळला होता. शेवटचा सेट २६-२४. सहा तासांत ‘पुरे आता, दोन घास खाऊन घे’ एवढंसुद्धा कोणी म्हणायचं नाही, हे ऐकून काकूही स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

म्हणूनच एकेरीचा खेळाडू टॉवेलशी बोलतो, रॅकेटच्या तारा एकेक करून सरळ करत बसतो, स्वतःला नावाने हाक मारून रागावतो. तो जरासा वेडसर दिसतो खरा. पण धाकाला बाप नाही, समजवायला आई नाही, दोष द्यायला भाऊ नाही; एवढी सगळी नाती पाच मिनिटांत एकट्याने निभवायची म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? दुहेरीतले बघा, प्रत्येक गुणानंतर तोंडावर हात धरून कुजबुजतात. सुखी माणसं.

पुढे नियम सैल झाला. जुलै २०२२ पासून एटीपीने कडेला बसलेल्या प्रशिक्षकाला प्रयोगादाखल बोलायची मुभा दिली, पण तीही गमतीची: खेळाडू आपल्याच टोकाला असेल तर शब्द, पलीकडच्या टोकाला गेला की फक्त हातवारे. म्हणजे बांधावरून बांधावर चालतं तसंच. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याचा मानस धामणे, अवघा पंधरा वर्षांचा, बालेवाडीत मुख्य फेरीत उतरला आणि अमेरिकेच्या मायकेल ममोकडून २-६, ४-६ असा हरला. निदान त्याला कोणी काही सांगू शकत होतं, याचंच काकांना समाधान. त्याच वर्षी टॅलन ग्रीक्सपूर जिंकला आणि ती बालेवाडीतली शेवटची स्पर्धा ठरली. पुढच्या जानेवारीत ती हाँगकाँगला गेली. पट मात्र तोवर परत आले होते.

एक गोष्ट अजून माझ्या मनात बसत नाही. बालेवाडीत एकेरीच्या मुख्य फेरीत अठ्ठावीस जण असायचे, त्यातले सत्तावीस हरणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. त्यात अंतिम सामना हरलेल्याचे हाल सगळ्यात जास्त. इतका वेळ जो कोर्टवर एकटाच झुंजला, त्याच्याच हातात घामही वाळायच्या आत माइक देतात. आणि जिंकलेल्याच्या आधी त्यालाच बोलायचं असतं. तो प्रतिस्पर्ध्याचं अभिनंदन करतो, आयोजकांचे, प्रायोजकांचे, चेंडू आणून देणाऱ्या पोरांचे आभार मानतो. आमच्याकडे पटात जोडी हरली तर मालक आधी तिला पाणी दाखवतो, पुढ्यात ढेप ठेवतो आणि बैलांची तोंडं हलायला लागली की मगच, हलक्या आवाजात, धुरकऱ्याचं काय चुकलं ते सांगायला सुरुवात करतो.